पैलतीर कोणाचे?

जर्मनीच्या पूर्व सीमेवर, नाइसे नदीच्या काठी वसलेल्या ग्योर्लित्स शहराविषयी लेख लिहिताना एका वाचकाने ‘पैलतीरावरील भाग १९४५ मध्ये पोलंडकडे गेला’ असे वाक्य लिहिले. लेख वाचून पाहणाऱ्या मित्राने ‘पैलतीर म्हणजे मरण, इथे हा शब्द नको’ असा आक्षेप घेतला. शब्द योग्य आहे का, असा वाचकाचा प्रश्न आहे. माझ्या मते शब्द निर्दोष आहे. वाक्यात अडचण जरूर आहे, पण ती मित्राने दाखवली त्याहून वेगळी आहे.

‘पैल’ म्हणजे पलीकडे, आणि ‘ऐल’ म्हणजे अलीकडे. ऐलाड-पैलाड, अल्याड-पल्याड, अलीकडे-पलीकडे या जोड्या एकाच कुळातल्या आहेत. ज्ञानदेवांच्या प्रसिद्ध अभंगातला काऊ ‘पैल’ कोकतो, तिथे नदीचा उल्लेखही नाही. आयुष्याला प्रवाह मानण्याच्या आपल्या जुन्या रीतीमुळे ‘पैलतीर दिसू लागले’ हा प्रयोग म्हातारपणासाठी रूढ झाला, परंतु त्यामुळे नदीच्या खऱ्या काठावरचा या शब्दाचा हक्क गेला असे मानण्याचे कारण नाही. खुद्द ग्योर्लित्सच्या भाषेतही हेच घडले आहे: जर्मनमध्ये ‘येन्झाइट्स’ म्हणजे पलीकडे, आणि त्याच शब्दाचे नाम केले की अर्थ होतो परलोक. तरीही नदीच्या पलीकडचे गाव सांगताना जर्मन माणूस तो शब्द टाळत नाही.

खरी अडचण अशी की ऐल आणि पैल हे नदीचे गुण नाहीत; ते बोलणाऱ्याच्या पायाखालच्या जमिनीवरून ठरतात. सोलापूरकराला हे समजायला दूर जावे लागत नाही. विजयपूरच्या रस्त्याने निघाले की टाकळीला भीमा लागते. अलीकडे टाकळी, पूल ओलांडला की कर्नाटकातले धूळखेड. टाकळीच्या बाजूला एक आजी ‘पोरगी पल्याड दिली’ असे सांगताना मी ऐकले आहे, आणि पुलापलीकडच्या चहाच्या टपरीवर तसल्याच एका सुनेची ओळख ‘ही पल्याडची’ अशी करून दिलेलीही ऐकली आहे. दोघेही अचूक बोलत होते. कन्नडमध्येही ‘ई दड’ आणि ‘आ दड’, म्हणजे हा काठ आणि तो काठ, याच न्यायाने जागा बदलतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विजापूर जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा पुलाच्या दोन टोकांना दोन राज्ये आली; पण दोन्ही काठांवरची माणसे एकमेकांना त्याआधीपासूनच पल्याडची म्हणत असणार.

ग्योर्लित्समध्ये हा प्रश्न अधिक टोकदार होतो. जुने शहर नदीच्या पश्चिमेला, आणि पूर्वेला त्याचीच उपनगरे, अशी एका शहराची रचना होती. मे १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने जुन्या शहराजवळचा पूल उडवला, त्यानंतर काही महिन्यांतच सीमा नाइसेवर आली, पूर्वेकडच्या जर्मन रहिवाशांना घरे सोडावी लागली आणि तिथे पोलिश कुटुंबे आली. पुढे ग्रीसमधील यादवीतून निसटलेले निर्वासितही तिथे वसले. त्या भागाचे नाव आज झगोझेलेत्स आहे. दोन्ही नावे एकाच स्लाव्ह मुळाची असून ते मूळ ‘जळणे’ या क्रियेचे आहे, हे मला फार विलक्षण वाटते: शहर दुभंगले, पण नावाचे मूळ एकच राहिले. पूर्व जर्मनी आणि पोलंड यांनी या सीमेला मान्यता देणारा करार ६ जुलै १९५० रोजी केला, तोही झगोझेलेत्समध्येच. उडवलेल्या पुलाच्या जागी पादचारी पूल २००४ मध्ये उभा राहिला आणि डिसेंबर २००७ मध्ये सीमेवरची कायमस्वरूपी तपासणी संपली (२०२३ पासून जर्मनीने ती तात्पुरती म्हणून पुन्हा सुरू केली). आता झगोझेलेत्समध्ये जन्मलेल्या मुलासाठी पुलाच्या टोकाशी दिसणारे सेंट पीटर चर्चचे दोन उंच मनोरे पैलतीरावर आहेत, आणि ग्योर्लित्सच्या मुलासाठी तेच ऐलतीरावर आहेत.

म्हणून लेखात कोणी काठावर उभे असेल, चालत असेल, पलीकडे पाहत असेल, तर ‘पैलतीर’ निःशंक वापरावे. त्या जागी दुसरा कोणताही शब्द इतका नेमका बसणार नाही. लेख नकाशाच्या नजरेने लिहिलेला असेल, तर मात्र दिशा किंवा प्रवाह सांगावा. प्रवाहाच्या दिशेने तोंड केल्यावर डाव्या हाताचा तो डावा काठ, ही रीत आपल्याकडच्या शेतकऱ्यांना उजनीच्या डाव्या आणि उजव्या कालव्यामुळे पाठ आहे. नाइसे साधारणपणे उत्तरेकडे वाहते, त्यामुळे ग्योर्लित्स डाव्या काठावर येते. ‘थडी’ हा शब्दही हाताशी आहे. भीमथडीत तो केवळ काठापुरता न राहता नदीलगतच्या साऱ्या मुलखाला व्यापतो; शहराच्या एका भागासाठी मी तो वापरणार नाही, पण नाइसेच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्याविषयी लिहायचे असेल तर ‘नाइसेथडी’ मला आवडेल.

वाचकाचे वाक्य मी असे लिहीन: ‘नदीच्या पूर्वेकडचा भाग १९४५ मध्ये पोलंडकडे गेला, आणि ग्योर्लित्सकरांसाठी पैलतीर परदेश झाले.’