दुर्गाबाई दोन, आणि तारामती तीन

ताई, तुमच्या गावच्या मंडळाने यंदा मंडईच्या जत्रेला हरिश्चंद्राचं जुनं नाटक धरलंय, तारामती तुमच्या वाट्याला आलीय, आणि घरी आजोबा सांगतात की दुर्गा खोटे ही सिनेमात उतरलेली पहिली बाई, मूळची नाटकातली. हे खरं का, आणि तिच्याकडून काही उचलता येईल का, असं तुम्ही विचारलंत. वडसा-ब्रह्मपुरीच्या टापूत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, मी तीसेक हंगाम प्रॉम्प्टिंग केलंय. दुसऱ्याची वाक्यं पुटपुटण्यात जन्म गेला, म्हणून स्वतःचं बोलायला लागलो की लांबतं. तेवढं सांभाळून घ्या.

आजोबांची गल्लत कुठे झाली ते आधी सांगतो. दुर्गाबाई दोन आहेत. पहिल्या दुर्गाबाई कामत. फाळक्यांच्या १९१३ सालच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये त्या पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी झाली. हीच कमला पुढे कमलाबाई गोखले, म्हणजे चंद्रकांत गोखल्यांची आई आणि विक्रम गोखल्यांची आजी. सिनेमातल्या पहिल्या बायका म्हणायच्या तर या मायलेकी, आणि नाटकातून आल्या त्याही याच. दुर्गा खोटे आल्या १९३१ साली. नाव एक पडलं, म्हाताऱ्यांच्या डोक्यात दोन्ही बाया एक झाल्या. आजोबांना रागावू नका.

आता तारामतीचं बघा. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी बाई मिळेना, तेव्हा हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. ते १९१३. त्यानंतर १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीने कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ हा आपला पहिला बोलपट काढला, मराठीत आणि हिंदीतही. दिग्दर्शन व्ही. शांतारामांचं, हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे, आणि तारामती दुर्गा खोटे. मधे एकोणीस वर्षं गेली. तिसरी तारामती मी स्वतः पाहिली आहे, आमच्या गावच्या दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात. तो गडी दिवसभर धान कापायचा. हाताला पेंढ्यांचे ओरखडे, मनगट खाटेच्या पायासारखं, त्यावर हिरव्या काचेच्या बांगड्या काही चढत नसत. मग साबण लावून दोघं जण ओढायचे. एक-दोन फुटायच्याच, आणि ब्राह्मणाच्या घरी विकल्या गेलेल्या राणीच्या हातातून खरंच रक्त यायचं. बायका पदर डोळ्याला लावून बसायच्या. म्हणून पुरुषाने केलेल्या तारामतीला मी हसत नाही. पण त्या गर्दीतल्या एकाही बाईला ‘तू कर’ असं कोणी म्हटलं नाही, हेही तितकंच खरं.

दुर्गाबाईंना तरी कोणी हौसेने म्हटलं होतं असं नाही. जन्म १९०५ चा, मुंबईच्या लाडांच्या घरातला. वडील सॉलिसिटर, शिक्षण कॅथीड्रल शाळेत आणि सेंट झेवियर्समध्ये. लग्न होऊन खोट्यांच्या श्रीमंत घरात गेल्या, पण ती श्रीमंती टिकली नाही. वयाच्या सव्विशीच्या आसपास वैधव्य आलं, पदरात बकुळ आणि हरिन ही दोन पोरं. शिकवण्या करून पाहिल्या. मग ‘फरेबी जाल’ नावाच्या चित्रपटात दहाएक मिनिटांचं काम केलं, आणि लोकांनी तोंडसुख घेतलं. चांगल्या घरची बाई, आणि हे काय?

‘कुलीन स्त्रियांना दुर्गाबाईंनी सिनेमाचं दार उघडून दिलं’ असं सगळीकडे छापलेलं असतं. मला ते अर्धवट वाटतं. त्यांच्या आधीही बायका काम करत होत्या, फक्त त्यांची आडनावं कुणाला मोठी वाटत नव्हती. दुर्गाबाईंचं मोठेपण मला वेगळ्याच जागी दिसतं. एवढी छी-थू झाल्यावरही बाई घरी बसली नाही. दुसऱ्याच वर्षी तारामती म्हणून उभी राहिली, तेही पार्श्वगायन नव्हतं त्या काळात. नटाने कॅमेऱ्यापुढे बोलायचंही स्वतः आणि गायचंही स्वतः. त्याच वर्षी ‘माया मच्छिंद्र’ची राणी, १९३६ मध्ये ‘अमरज्योती’त समुद्रावर लूटमार करणारी सौदामिनी. रडक्या बाईचा शिक्का त्यांनी बसूच दिला नाही. शिवाय नट-नट्या महिन्याच्या पगारावर एकाच कंपनीला बांधलेल्या असायच्या, तेव्हा त्या प्रभातमध्येही दिसल्या आणि कलकत्त्याला न्यू थिएटर्सकडेही. आपल्याकडे एका कंपनीतून दुसरीकडे गेलेल्या नटीला अजून काय काय ऐकून घ्यावं लागतं, ते तुम्हाला यंदा कळेलच.

आता आजोबांची दुसरी गोष्ट. दुर्गाबाई नाटकातून सिनेमात नाही गेल्या, उलट झालं. सिनेमात नाव झाल्यावर, चाळिशीच्या आगेमागे त्या रंगमंचावर रमल्या, मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांतून. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’त आनंदीबाई केली. पुढे शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’वरून ‘राजमुकुट’ लिहिलं, त्यात नानासाहेब फाटकांसमोर राणी. नानासाहेबांचा आवाज म्हणजे नगारा. त्याच्यापुढे सिनेमातून आलेल्या बाईने उभं राहायचं, हे किती अवघड ते प्रॉम्प्टरला विचारा. सिनेमात माइक तोंडाशी येतो. नाटकात तुमचं वाक्य शेवटच्या रांगेत बिडी ओढत बसलेल्या माणसापर्यंत तुम्हालाच न्यावं लागतं.

झाडीपट्टीत हल्ली हेच चालतं. टीव्हीवरचा चेहरा आणायचा, पोस्टरवर मोठा छापायचा, आणि वर्षानुवर्षं रात्रभर उभी राहणारी आपली नटी खाली बारीक अक्षरात. एका कंपनीत माझ्या समोरच असं झालं. मुंबईहून आलेल्या बाईंना दुसऱ्या अंकात ओळ आठवेना, मी खालून तीनदा दिली तरी ऐकू जाईना. तेव्हा दासीचं काम करणाऱ्या आमच्या मुलीने “राणीसाहेब, आपण असं म्हणणार होतात ना” असं करून अख्खं वाक्य तिच्या तोंडात घातलं. टाळ्या राणीला पडल्या. पुढून एक म्हातारा मात्र ओरडला, “काऊन वो, दासीलेच राणी करा ना!”

पुढचं थोडक्यात. १९५८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६८ ला पद्मश्री, ‘बिदाई’साठी फिल्मफेअर, १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा. धाकटा मुलगा हरिन ऐन तारुण्यात गेला. त्याची पत्नी म्हणजे आपल्या विजयाबाई मेहता. पुढे दुर्गाबाईंनी स्वतःची निर्मिती संस्था चालवली, दूरदर्शनवरची ‘वागले की दुनिया’ तिचीच. १९९१ मध्ये त्या गेल्या. ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र तालुक्याच्या वाचनालयात विचारून बघा.

तुमच्या कामाचं सांगायचं तर ‘मुघल-ए-आझम’ बघा. मी तो यात्रेतल्या टुरिंग टॉकीजमध्ये पाहिला, धुळीत गोणपाट अंथरून. दुर्गाबाई त्यात जोधाबाई आहेत. नवरा मुलावर चालून निघालाय आणि तलवार हिच्याच हातून घेतोय. तेवढ्या प्रसंगात त्यांच्या चेहऱ्यावरून नजर काढा आणि हात बघा. तारामतीलाही रोहिदासाचं प्रेत मांडीवर घेऊन बसायचंय, आणि समोर मसणाचा कर मागणारा नवराच आहे. तिथे आमच्याकडच्या नट्या छाती बडवून घेतात, पब्लिकला ते आवडतंही. तुम्ही पहिल्या ओळीला तरी हात पोराच्या अंगावरून काढू नका. रडायला पुढे अख्खा प्रवेश पडलाय, आणि ऑर्गनवाला तुमच्या आधीच सुरू होतो.

प्रयोग कोणत्या गावी आणि कधी ते कळवा. धानाची चुरणी आटोपली असेल तर येतो, आणि प्रॉम्प्टर ठरला नसेल तर तसं सांगा, चष्मा नवा केलाय.