मुलगी फार अबोल आहे, घरी मराठीच बोलतो. पहिलीला जिल्हा परिषदेची शाळा की खासगी इंग्रजी माध्यम?

जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग वीस-पंचवीस मुलांचा असेल आणि त्याला स्वतंत्र शिक्षक असतील, तर तिथेच घाला. मी अशाच शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. अबोल मूल आधी मनात वाक्य जुळवतं, मग बोलतं. त्यात भाषाही परकी असली की ओठांवर आलेलं गिळून टाकतं. "बाई, शू ला जाऊ?" एवढं विचारायचं धाडस होत नाही म्हणून बाकावर अवघडून बसलेली मुलं मी पाहिली आहेत. आपल्या भाषेत निदान ते कानात येऊन तरी सांगतात.

मात्र शाळेचा पट, म्हणजे एकूण मुलं किती, ते आधी विचारा. शिक्षण हक्क कायद्यानुसार (२००९) पहिली ते पाचवीचा पट ६० पर्यंत असेल तर दोनच शिक्षक मिळतात, म्हणजे एकेकाकडे दोन-तीन इयत्ता. तिथे गप्प मूल सहज मागे राहतं, आणि मग कमी मुलांचा खासगी वर्ग बरा. शाळा भरलेली असताना तासभर बसून या: न बोलणाऱ्या मुलांना बाई नावाने हाक मारतात का, आणि उत्तरासाठी थांबतात का, एवढंच बघा.