असुर आणि उल्का
प्रश्न : स्वखर्चाने, मोजक्या मित्रांसह अतिमानवी विज्ञानकथेवर चित्रपट करायचा आहे. प्रेरणा कुठे शोधावी?

उत्तर : लोककथा आणि विज्ञान जिथे एकाच जागेची निराळी कारणे सांगतात, तिथून सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर उल्कापाताने बेसाल्ट खडकात निर्माण झाले. लोककथा मात्र तिथे विष्णूने लवणासुराचा वध केल्याचे सांगते, आणि जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा संशोधकांना त्याचे कारण खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांत सापडले. त्या सूक्ष्मजीवांत असुराची स्मृती जिवंत असेल तर? एवढ्या एका प्रश्नावर पटकथा उभी राहू शकते, आणि महागड्या दृश्यपरिणामांऐवजी ध्वनीतून भय निर्माण करता येते. परिसर अभयारण्यात असल्याने वनविभागाची परवानगी आधीच घ्यावी.