आयटीआय इलेक्ट्रिशियन, जर्मनी आणि साडेपाच लाखांचा एजंट

तुझा मेसेज वाचला. आयटीआय इलेक्ट्रिशियन, कुपवाड एमआयडीसीत पाच वर्षं मेंटेनन्सला, लग्न झालेलं. एजंट साडेपाच लाख मागतोय आणि "जर्मनीत महिना तीन लाख" सांगतोय. तू विचारतोस, दादा, अर्धा एकर काढू का? रान विकू नकोस. बाकीचं सविस्तर सांगतो. मी स्टुटगार्टच्या बाजूला बिल्डिंगच्या वायरिंगचं काम करतो, त्यामुळे आकडे इकडचे समज.

तीन लाख ही थाप नाही, पण ते ब्रुटो, म्हणजे कापाकापीच्या आधीचे. शिवाय ते फाखक्राफ्टला, म्हणजे ज्याचं शिक्षण इथल्या सरकारी यंत्रणेने मान्य केलंय अशा कारागिराला. त्याला साधारण ३,००० ते ३,८०० युरो मिळतात. ३,२०० धरले तर कर, पेन्शन, आरोग्य विमा, बेकारी विमा जाऊन एकट्याच्या हातात २,१५०-२,२०० पडतात. बायको सोबत असेल आणि कमवत नसेल तर करवर्ग बदलून दोन-अडीचशे वाढतात, आणि तिचा विमा तुझ्याच विम्यात फुकट बसतो. एका खोलीचं घर, हीटिंगसकट, आमच्या भागात ७०० ते ९००. टीव्ही नसला तरी टीव्ही-रेडिओची वर्गणी घरटी १८.३६ युरो द्यावीच लागते, यावर इथे सगळेच कुरकुरतात. सगळं जाऊन एकटा माणूस जपून राहिला तर महिन्याला सात-आठशे युरो बाजूला पडतात. युरो शंभर रुपये धरून हिशेब तूच कर.

आता दुसरी बाजू. मान्यता नसेल तर तू हेल्पर. जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. आठवड्याला चाळीस तास केले तर महिन्याला हातात सतराशेच्या आसपास. पाईप उचल, भिंत फोड, केबल ओढ. काम अंगाला आपल्या मेंटेनन्सपेक्षा जड आणि पॅनेलला हात लावायची परवानगी नाही. एजंट तुला नेमकं यातलं काय देतोय, हे त्याच्याकडून लेखी घे. बहुतेक तो विषय बदलेल.

आधी मान्यतेचं बघ. तू कारखान्यातला आहेस, म्हणून तुझी तुलना "इलेक्ट्रोनिकर फ्युअर बेट्रीब्सटेक्निक" या व्यवसायाशी होईल आणि अर्ज न्युर्नबर्गच्या आयएचके फोसा या संस्थेकडे जाईल. घरांच्या वायरिंगवाल्यांचं हान्टवेर्क्सकामर, म्हणजे कारागिरांची संस्था बघते, ते वेगळं. चुकीच्या दारात अर्ज केला की महिने वाया. फोसाची फी १०० ते ६०० युरोंच्या दरम्यान असते आणि कागद पूर्ण झाले की तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असा नियम आहे. इथला हाच कोर्स साडेतीन वर्षांचा, आपला दोन वर्षांचा, त्यामुळे बहुतेकांना "अंशतः समान" असा शेरा मिळतो. घाबरू नकोस. मार्च २०२४ पासून मान्यता-भागीदारी नावाची सोय आहे: दोन वर्षांचं सरकारमान्य शिक्षण, जर्मन भाषेची ए-टू पातळी आणि कंपनीचं कंत्राट असेल तर आधी इथे येऊन नोकरी करायची आणि उरलेलं शिक्षण इथेच पुरं करायचं. पूर्ण मान्यता मिळून तीन वर्षं फाखक्राफ्ट म्हणून नोकरी झाली, पेन्शन भरलेलं असलं आणि जर्मन बी-वन, म्हणजे ए-टूच्या पुढची पातळी असली की कायमच्या परवान्याचा रस्ता मोकळा होतो.

ए-टूवर व्हिसा मिळेल, पण साईटवर निभणार नाही. बी-वन करूनच ये. त्यातून आमच्याकडचे लोक श्वाबिश ही इथली बोली बोलतात, ती तर क्लासमध्ये कुणी शिकवतच नाही. इथे वायरिंग झाल्यावर प्रत्येक सर्किट मोजावं लागतं: इन्सुलेशन, लूप इम्पिडन्स, आरसीडी, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच, किती मिलिसेकंदांत पडतो ते. मग ते सगळं लिहून खाली सही. ज्याला तो कागद भरता येतो त्याला फोरमन एकटा साईटवर सोडतो, आणि पगारही त्याचाच वाढतो. पुणे-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात परीक्षा होतात. नोकरी सांभाळून बी-वनला वर्षभर धर.

हाताच्या सवयीही बदलाव्या लागतील. आपल्याकडे लाल-पिवळी-निळी फेज आणि काळी न्यूट्रल अशी सवय. इथे तपकिरी, काळी, करडी या फेज आणि निळी न्यूट्रल. म्हणजे तुझ्या डोळ्याला जी न्यूट्रल वाटेल तीच जिवंत निघेल. १९६५ च्या आधीच्या घरात तर लाल वायर अर्थिंगची असते! म्हणून रंगावर कुणी विसंबत नाही. खिशातल्या टेस्टरवरही नाही, दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर लागतो. मुलाखतीत पाच सुरक्षा नियम क्रमाने विचारतातच: सप्लाय तोड, पुन्हा चालू होणार नाही असा बंदोबस्त कर, व्होल्टेज नाही याची खात्री कर, अर्थ करून शॉर्ट कर, शेजारचे चालू भाग झाक. जर्मनमध्ये पाठ कर.

मोटारींच्या मोठ्या कारखान्यांत युनियनचा करार असतो, आठवडा ३५ तासांचा आणि पगार चार हजारांच्या आसपास. पण सध्या तिकडून कपातीच्याच बातम्या येतात, त्यांच्या भरवशावर येऊ नकोस. सोलर, हीट पंप, चार्जिंग पॉइंट बसवणाऱ्या लहान कंपन्यांना माणसं मिळत नाहीत. त्यांना गाडी चालवणारा हवा असतो. आपलं लायसन्स सहा महिनेच चालतं, मग लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा. दोन-अडीच हजार युरो सहज जातात, ते आधीच बाजूला ठेव. आणि पुढे स्वतःचा धंदा टाकायचा म्हणतोस, तर इलेक्ट्रिकच्या कामाला मायस्टरची, म्हणजे उस्ताद कारागिराची परीक्षा लागते. आत्ता तो विचार बाजूला ठेव.

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी दहा हजार कुशल तरुणांचा करार केला. त्यात नाव नोंदव, पण त्यावर विसंबून राहू नकोस. एजंट नोंदणीकृत आहे का ते भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघ. नोंदणीकृत एजंटाला कायद्याने कमाल तीस हजार अधिक जीएसटी घेता येतात. मग साडेपाच लाख कशाचे, ते त्यालाच विचार.

हत्यारं आणू का, हे विचारलंस. नको, कंपनी देते, आणि इथे हजार व्होल्टची इन्सुलेटेडच लागतात. त्यापेक्षा कंपनीच्या लेटरहेडवर अनुभवाचं पत्र घे, त्यात "इलेक्ट्रिशियन" एवढंच नको, कोणते पॅनेल, कोणत्या मोटर, पीएलसी, कोणती दुरुस्ती ते सगळं लिहून. सोबत आयटीआयचा पूर्ण अभ्यासक्रम, मार्कशीट, पीएफचा उतारा. हे सगळं राजीनामा द्यायच्या आधी घे, नंतर एचआर फोन उचलत नाही.