पाण्यातले प्रश्न : चिलापीने भरलेला पाझर तलाव

प्रश्न : आमच्या गावच्या पाझर तलावात मच्छीमार संस्थेने रोहू-कटल्याचं बीज सोडलं होतं. आता जाळ्यात तळहाताएवढी चिलापीच (तिलापिया) येते. अधूनमधून काटेरी कवचाचा काळा मासाही येतो, तो जाळी फाडतो. कोणी म्हणतं, औषध टाकून सगळं मारा. कोणी म्हणतं, मांगूर सोडा, तो चिलापी खाईल. काय करावं?
— एक वाचक, तालुका इंदापूर

उत्तर : कळकळीने सांगतो, या दोन्हीतलं काहीही करू नका. मत्स्यव्यवसाय विस्ताराच्या नोकरीत माझी उमेद तलावांच्या काठावर गेली, आणि हे दोन सल्ले मला जवळजवळ प्रत्येक गावात ऐकायला मिळाले.

आधी औषधाचं. तुमच्या तलावातलं पाणी झिरपून खालच्या विहिरींत उतरतं आणि ते माणसं-जनावरं पितात. तिथे विष ओतण्याचा विचारसुद्धा नको. खासगी तळ्यात नको असलेले मासे मारायला मोहाची पेंड वापरतात, मीटरभर पाण्याला हेक्टरी सुमारे २,५०० किलो. तिच्यातल्या सॅपोनिनने माशांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, आणि दोन-तीन आठवड्यांत विषाचा जोर ओसरतो. पण ते बंद पाणी असतं. गावतलावात मरळ, वांब, शिंगाडा हे आपले मासे सगळेच मरतील आणि पुढच्या पावसात ओढ्या-नाल्यांतून चिलापी पुन्हा येईल. कॅलिफोर्नियातल्या लेक डेव्हिसमध्ये नॉर्दर्न पाइक हा परका शिकारी मासा शिरला, तेव्हा सरकारने १९९७ मध्ये तिथे रोटेनोन हे मत्स्यविष टाकलं. पोर्टोला गाव तेच पाणी पीत होतं, लोक खवळले. १९९९ मध्ये पाइक परत दिसला आणि २००७ मध्ये तलाव उतरवून सगळं पुन्हा करावं लागलं. हाताशी एवढी यंत्रणा असलेल्या राज्याची ही गत.

मांगुराचं तर बोलूच नका. आफ्रिकन मांगूर केंद्र सरकारने २००० सालीच बंद केला आहे. तो चिलापी खाईल हे खरं, पण तेवढ्यावर थांबणार नाही. तोंडात मावेल ते खातो, हवेत श्वास घेतो, ओल्या चिखलातूनही सरकत जातो. तुमच्या तलावातून ओढ्यात, ओढ्यातून भीमेत.

आता चिलापी. ती मूळची आफ्रिकेची, आपल्याकडे १९५२ मध्ये आणली. १९५९ मध्ये तिचा प्रसार करू नये असं ठरलं, तोवर ती सुटली होती. तिची ताकद तिच्या तोंडात आहे. नर काठच्या उथळ पाण्यात गोल खड्डा करतो, मादी त्यात अंडी घालते आणि लगेच तोंडात घेऊन फिरते, म्हणून पिल्लं फारशी मरत नाहीत. रोहू-कटला साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. चिलापी दोन-तीन महिन्यांत वयात येते आणि पाणी उबदार असेपर्यंत पुन:पुन्हा वीत राहते. मग गर्दी होते, खाणं पुरत नाही, आणि तळहाताएवढ्या माशांनी तलाव भरतो.

म्हणून तुमचं काम एप्रिल-मेचं. पाणी तळाशी गेलं की ओढजाळं टाका, महिन्याभराने पुन्हा टाका, आणि पाऊस येईपर्यंत टाकत राहा. एका ओढीने काही होत नाही. जाळं काठाच्या पाण्यातच उघडू नका. घाबरलेली मादी तोंडातली पिल्लं थुंकते आणि ती पाण्यात जातात. जाळं कोरड्यावर ओढा. उघडे पडलेले खड्डे पायाने मोडून टाका. मरळ सापडली तर जिवंत परत सोडा, कारण चिलापीच्या पिल्लांवर खरा वचक तिचाच. पावसाळ्यात लालसर पिल्लांचा घोळका आणि त्याखाली राखणीला मरळीची जोडी दिसली तर तिला कोणी हात लावू नये, एवढा ठराव तरी संस्थेने करावाच. ओढजाळ्याची ही सवलत आटत्या तलावापुरतीच. नदीत बारीक आसाची, म्हणजे बारीक छिद्रांची, वडाप जाळी लावणं म्हणजे आपल्याच माशांची पिल्लं संपवणं.

कोणी सांडव्यावर जाळी बसवायला सांगेल. बसवू नका. काडीकचरा अडकून पाणी तुंबलं तर मातीचा बांध फुटू शकतो.

बीजाकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा, कारण चिलापी बहुधा बोटुकलीच्या, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांच्या, पिशवीतूनच येते. थोडी बोटुकली पांढऱ्या घमेल्यात ओता. रोहू-कटल्याच्या पाठीवरचा पर आखूड असतो. चिलापीचा लांब, काटेरी, शेपटीपर्यंत गेलेला असतो आणि पिल्लाच्या परावर काळा ठिपका असतो. एक जरी तशी दिसली तरी पिशवी परत करा, पुरवठादार कितीही ओळखीचा असो.

तो काळा कवचाचा मासा सकर, काचेच्या टाक्यांतून सुटलेला. तो काठात बिळं करतो, तेव्हा बांधाच्या आतल्या बाजूला पाण्याच्या रेषेजवळ भोकं दिसतात का ते बघा, आणि दिसली तर तलाव ज्या खात्याच्या ताब्यात आहे त्याला लेखी कळवा. जाळ्यात आला तर परत सोडू नका, काठावरही टाकू नका. तो हवा गिळून तासन्‌तास जगतो. मारून खोल पुरा.

एवढं करून चिलापी संपेल का? नाही. पण कटल्याला जागा होईल. उजनीत तर आज कितीतरी घरं चिलापीवरच चालतात, तिला धरणाऱ्यांना दोष देण्यात मला अर्थ वाटत नाही. जितकी धराल तितकी धरा, फक्त ती नव्या पाण्यात नेऊ नका.

प्रश्न : घरच्या टाकीतला सकर फूटभर झाला आहे. मुठेत सोडला तर चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही, आणि पाषाण तलावातही नाही. वरचं उत्तर वाचा. दुकानदाराला परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्या एखाद्या हौशी माणसाला. दोघांनीही घेतला नाही तर पशुवैद्याकडे न्या, त्रास न होता त्याचा शेवट कसा करायचा ते ते सांगतील. हे ऐकायला कठोर वाटेल, पण मुठेत आधीच जेमतेम तग धरून असलेल्या माशांचाही विचार करायला हवा.