वाचकांचे प्रश्न : मंडळीच्या दारातील माणूस

प्रश्न : दर रविवारी उपासनेनंतर एक मद्यपी गृहस्थ मंडळीच्या (चर्चच्या) दारात मदत मागतात. पैसे दारूतच जातील, या विचाराने मी हात आखडता घेते. माझे चुकते का?

उत्तर : भगिनी, आपली शंका प्रामाणिक आहे. बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यातील शोमरोनी (शोमरोन प्रांतातल्या) माणसाने, जखमी प्रवासी त्या वाटेने एकटा का निघाला हे न विचारता, त्याच्या जखमा बांधल्या, त्याला उतारशाळेत नेले आणि पुढच्या खर्चाचीही हमी दिली. पैसे मात्र उतारशाळेच्या रक्षकाकडे दिले, हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळपीडित मुलींबरोबरच समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठीही ‘कृपासदन’ हे आश्रयस्थान उघडले. रोख रक्कम देववत नसेल, तर त्या गृहस्थांना जेवू घाला, शेजारी बसा, नाव विचारा. उपचारांचा विषय त्यांनीच काढला, तर सोबत जा.