एक्स-रे क्लिअर आला, आता पुढचं ऐक

अरे,

तुझा मेसेज बघितला, "ताई एक्स-रे क्लिअर आला, आता सगळं पहिल्यासारखं ना?" याचं उत्तर हो किंवा नाही एवढ्यात देता येत नाही म्हणून हे लांबलचक लिहितेय, निवांत बसून वाच आणि आईलाही दाखव, तिचे वेगळेच प्रश्न आलेत मला.

क्लिअर म्हणजे काय झालं, तर फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये जी हवा साठली होती, ज्याला न्यूमोथोरॅक्स म्हणतात, ती गेली, फुफ्फुस परत पूर्ण फुललं. पण ती हवा जिथून गळली ते ब्लेब, म्हणजे फुफ्फुसाच्या टोकाशी सायकलच्या ट्यूबवर येतो तसला पातळ फुगवटा, ते अजून तिथेच असू शकतं. उंच, शिडशिडीत, विशी-पंचविशीतल्या मुलांमध्ये हे जास्त दिसतं आणि बहुतेक वेळा अगदी बसल्याजागी होतं, त्यामुळे "मी त्या दिवशी बॅग उचलली म्हणून झालं का" हा विचार सोडून दे. विचार कर तो दुसऱ्यांदा होण्याचा. पहिल्या वेळेनंतर साधारण तिघांपैकी एकाला परत होतं आणि त्यातलं बरंचसं पहिल्या वर्षातच.

आता सिगारेट. वॉर्डात आई शेजारी होती म्हणून तू "कधीतरी" म्हणालास, मी काही बोलले नाही. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या गाइडलाइनमध्ये दिलंय की आयुष्यभरात हे होण्याचा धोका सिगारेट न ओढणाऱ्या पुरुषांत साधारण 0.1 टक्का आणि ओढणाऱ्यांत 12 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. तुझी उंची तुझ्या हातात नाही, ब्लेबही नाही, हे एवढंच आहे. चहा-सुट्टा मधला सुट्टा गेला, चहा ठेव. आणि गांजा, व्हेप हेही त्यातच आलं, "ते सिगारेट नाहीये ताई" असं मला सांगायचं नाही.

परत झालं तर कसं कळणार? तुला कळेल, एकदा अनुभवलंयस. एका बाजूला अचानक टोचल्यासारखं, श्वास आत घेताना वाढणारं, कधी खांद्यापर्यंत जाणारं, आणि सोबत दम. आपल्याकडे पहिलं निदान घरातच होतं, गॅस झालाय ओवा खा, नाहीतर जिममध्ये मसल ओढला गेला असेल बाम लाव. पोरं अशी दोन-दोन दिवस काढतात आणि मग येतात. तू तसं करू नकोस, त्याच दिवशी एक्स-रे. आणि दम झपाट्याने वाढतोय, छाती धडधडतेय, घाम फुटलाय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय असं असेल तर रिक्षा वगैरे शोधत बसायचं नाही, 108. हवा आत कोंडत जाऊन हृदयावर दाब आला तर डॉक्टरांना सुई घालून ती लगेच काढावी लागते, तिथे मिनिटं मोजावी लागतात.

हवा काढायला छातीत घालतात ती नळी दर वेळी लागतेच असं नाही हेही माहीत असू दे. 2020 मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा एक ट्रायल आला, पहिल्यांदाच झालेल्या 316 लोकांवर, त्यात ज्यांना नुसतं लक्ष ठेवून सोडलं त्यातल्या साधारण 85 टक्के लोकांना नळी लागलीच नाही, हवा आपोआप शोषली गेली. पण त्रास किती आहे, ऑक्सिजन किती आहे ते बघून डॉक्टर ठरवतात, आपण घरी ठरवायचं नाही. आणि लागलीच परत, तर नळीला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीचं लक्षात ठेव, ती कायम छातीच्या खाली. आमच्या वॉर्डात रोजचं आहे हे, फरशी पुसायला मावशी आल्या की नातेवाईक प्रेमाने बाटली उचलून कॉटवर ठेवतात, मी दारातून ओरडते, कारण वर गेली की पाणी नळीतून उलटं छातीत जाऊ शकतं. खोकल्यावर बुडबुडे येतायत म्हणजे गळती चालू आहे, तोवर नळीला चिमटा लावून कुठे फिरायचं नाही.

ऑपरेशनचं विचारलंयस. पहिल्याच वेळी सहसा सांगत नाहीत. त्याच बाजूला परत झालं, किंवा दुसऱ्या बाजूला झालं, किंवा नळी टाकूनही गळती चार-पाच दिवस थांबली नाही तर सर्जनकडे पाठवतात. दुर्बिणीतून ब्लेब स्टेपल करून काढतात आणि फुफ्फुस छातीच्या भिंतीला चिकटेल अशी व्यवस्था करतात, एकतर घासून नाहीतर टाल्क पावडर टाकून. त्यानंतर परत होण्याचं प्रमाण थोड्या टक्क्यांवर येतं, शून्य नाही. दुखतं बऱ्यापैकी, पेनकिलर मागून घ्यायची, कारण दुखतंय म्हणून वरवर श्वास घेत पडून राहिलास तर कफ साठतो आणि मग ते श्वासाच्या व्यायामाचं तीन बॉलवालं यंत्र घेऊन मी तुझ्या मागे लागणारच.

बेंगळुरूचं जॉइनिंग. विमानात केबिनचा दाब कमी असतो, छातीत उरलेली हवा तिथे साधारण तीस टक्क्यांनी फुगू शकते, म्हणून एक्स-रे क्लिअर आल्यावरही निदान सात दिवस थांबायला सांगतात. तुझा एक्स-रे परवाचा आहे. उद्यान एक्सप्रेसचं तिकीट काढ, सामान उचलायला भावाला घेऊन जा.

मित्रांबरोबर तारकर्लीला स्कूबा ठरलंय म्हणालास, ते रद्द. इथे थांबून बघू वगैरे काही नाही. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो, वर येताना फुफ्फुसातली हवा तितकीच फुगते, आणि तिथे ब्लेब फुटलं तर तुला पाण्यात कोण नळी घालणार आहे? दोन्ही बाजूंचं ऑपरेशन होऊन डायव्हिंगच्या डॉक्टरने लेखी हो म्हटल्याशिवाय हा विषयच नाही. फॉर्मवर लपवून तर अजिबात जायचं नाही.

बाकी ट्रेकला माझी ना नाही, पहिले काही आठवडे सोडून, मग हळूहळू, डॉक्टरांना विचारून. जिममध्ये श्वास रोखून जड वजन उचलणं सध्या नको. आईला सांग कपालभाती आत्ता नको, त्या जोरदार श्वासाने फुफ्फुस कोलॅप्स झाल्याची केस मेडिकल जर्नलमध्ये नोंदलेली आहे, साधा दीर्घ श्वास चालेल. आणि गणपतीत डीजेच्या भिंतीला चिकटून नाचू नकोस, हसू नको, 2004 मध्ये थोरॅक्स जर्नलमध्ये मोठ्या आवाजाच्या म्युझिकजवळ असताना हे झालेल्या मोजक्या लोकांची हकिकत छापून आली होती. मोजकीच आहेत, पण तुला तसाही कानाला त्रासच.

छातीचा सीटी स्कॅन राहिलाय तो टाळू नकोस. आपल्याकडे जुना टीबी हेही याचं एक कारण असतं, ते नाहीये हे एकदा नीट बघून घेतलेलं बरं. डिस्चार्ज कार्ड आणि दोन्ही एक्स-रेचे फोटो मोबाइलमध्ये ठेव, रूममेटला काय झालं होतं आणि कुठल्या बाजूला ते सांगून ठेव, आणि पीजीजवळ रात्रीसुद्धा एक्स-रे चालू असतो असं हॉस्पिटल कुठलं ते पोचल्या पोचल्या बघ. तिकीट झालं की मला स्क्रीनशॉट टाक.

ताई